एकाच घरातल्या चौघांचे ताण वेगळे कसे, आणि त्यांना दिलेले प्रतिसादही वेगळे का

सांगलीजवळच्या एका गावातील माध्यमिक शिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सासूबाईंना तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून त्या अंथरुणाला खिळून आहेत आणि त्यांचे सगळे ही सूनच करते. पती विक्री प्रतिनिधी आहेत. महिनाअखेर जवळ आली की ते घरात कोणाशी धड बोलत नाहीत आणि क्षुल्लक कारणावरून भडकतात. मुलगी दहावीला आहे. धाकटे दीर सांगलीत राहतात; २०१९ च्या महापुरात त्यांच्या घरात पाणी शिरले होते, आणि आजही पावसाळ्यात ते रात्र रात्र मोबाइलवर नदीची पातळी पाहत बसतात. स्वतः प्रश्नकर्त्या बाईंना पोटात जळजळ, मानदुखी आणि पहाटे तीनला येणारी जाग यांचा त्रास आहे. तपासण्यांत काही निघाले नाही आणि डॉक्टरांनी ‘ताण आहे, ताण घेऊ नका’ एवढेच सांगितले. त्या विचारतात : आम्हा चौघांनाही ताणच आहे, मग प्रत्येक जण वेगळा का वागतो? ताणाचे प्रकार असतात का? आणि आमच्यापैकी कोणाचे वागणे चुकते आहे?

‘ताण घेऊ नका’ हा सल्ला माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना आधी कोणी ना कोणी दिलेला असतो, आणि त्याचा उपयोग झालेला मी क्वचितच पाहिला आहे. अंथरुणावरच्या माणसाची सेवा करणारी बाई ताण ‘घेत’ नसते. तो तिच्या दिवसाच्या रचनेतच असतो. त्यामुळे उपाय सांगण्याआधी ताण कोणत्या जातीचा आहे ते ठरवावे लागते, आणि त्यासाठी मी प्रथम दोन प्रश्न विचारतो. हा ताण कधी संपणार आहे, हे तुम्हाला माहीत आहे का? आणि त्यातला किती भाग तुमच्या हातात आहे? या दोन उत्तरांवरून पुढचे बरेचसे ठरते. जिथे जिवावर बेतलेला प्रसंग घडून गेला आहे, तिथे मात्र तिसरा प्रश्न येतो : तो प्रसंग मनासाठी संपला आहे, की अजून चालूच आहे?

प्रकारांकडे जाण्यापूर्वी चौघांच्या शरीरात समान काय घडते ते पाहू. धोका जाणवताच मेंदू मज्जासंस्थेमार्फत मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींना इशारा देतो आणि काही सेकंदांत अॅड्रिनलिन रक्तात उतरते. हृदयाचे ठोके वाढतात, स्नायूंकडे जास्त रक्त वळते, बाहुल्या विस्फारतात आणि पचनाचे काम मागे पडते. अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात या अवस्थेचे वर्णन लढण्याची किंवा पळण्याची तयारी असे केले. याच्या पाठोपाठ दुसरी, संथ साखळी चालू होते. मेंदूतील हायपोथॅलॅमस, त्याखालची पिट्युटरी ग्रंथी आणि शेवटी पुन्हा अधिवृक्क ग्रंथी अशा क्रमाने संदेश जातो आणि कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते; त्याची पातळी प्रसंगानंतर साधारण वीस ते तीस मिनिटांनी शिखरावर पोहोचते. म्हणूनच भांडण संपल्यानंतरही बराच वेळ अंगाची थरथर आणि मनातली खदखद जात नाही. कॉर्टिसॉलचे काम साठवलेली ऊर्जा मोकळी करण्याचे आणि दाह आवरण्याचे आहे, तेव्हा ते आपले वैरी मुळीच नाही. प्रसंग संपला की ही साखळी स्वतःला थांबवते. जिथे प्रसंग संपतच नाही, तिथे खरी अडचण सुरू होते.

हान्स सेल्ये यांनी मॉन्ट्रियलमध्ये उंदरांवर प्रयोग करताना याचीच पहिली खूण टिपली. १९३६ साली त्यांनी ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात एक लहानसे टिपण प्रसिद्ध केले. थंडी, शस्त्रक्रियेची इजा, अतिश्रम, औषधांची जीव न घेणारी पण विषारी मात्रा, काहीही असले तरी उंदरांच्या शरीरात बदल एकाच प्रकारचे दिसत होते : अधिवृक्क ग्रंथी वाढलेल्या, थायमस ग्रंथी आक्रसलेली, जठरात व्रण. यातून त्यांनी तीन टप्पे मांडले. आधी शरीर खडबडून जागे होते, मग नेटाने तग धरते आणि दीर्घकाळ तग धरून शेवटी थकते. तुमची तपासणी ‘नॉर्मल’ येणे आणि तुम्हाला खरोखर त्रास होणे या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, कारण दुसऱ्या टप्प्यातील माणूस बाहेरून ठणठणीत दिसतो. तो कामावर जातो, स्वयंपाक करतो, लग्नकार्यात हसतो. सेल्ये यांची मांडणी पुढे एका बाबतीत सुधारावी लागली. सगळ्या ताणांना शरीर अगदी सारखाच प्रतिसाद देते, हे टिकले नाही. प्रसंग किती काळ चालतो, त्याचा अंदाज बांधता येतो का आणि त्यावर आपले काही नियंत्रण आहे का, यांवर बराच फरक पडतो.

तुमच्या मुलीचा ताण यांत सर्वांत सोपा आहे. तो तीव्र पण अल्पकालीन आहे, त्याची तारीख ठरलेली आहे आणि अभ्यास हा उपाय तिच्या हातात आहे. १९०८ मध्ये यर्क्स आणि डॉडसन यांनी उंदरांवरच्या प्रयोगातून दाखवले, की कठीण काम शिकताना उत्तेजना एका मर्यादेपर्यंत उपयोगी पडते आणि त्यापुढे कामगिरी घसरते. पुढे हीच कल्पना माणसांच्या परीक्षा, भाषणे आणि सामने यांनाही लावली गेली. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पोटात गोळा येणे, झोप थोडी कमी होणे हे आजाराचे लक्षण नव्हे. मुलगी जेवायची बंद झाली, पाठ असलेलेही सराव चाचणीत आठवेनासे झाले, किंवा ‘नापास झाले तर तोंड दाखवणार नाही’ अशी भाषा तिच्या तोंडी आली, तर मात्र तिच्याजवळ शांतपणे बसून बोलले पाहिजे आणि गरज पडल्यास समुपदेशकाकडे नेले पाहिजे. एरवी घरच्यांनी तिची झोप सांभाळावी आणि टक्केवारीचा विषय जेवणाच्या ताटावर काढू नये, एवढे पुरेसे आहे.

पतींचा ताणही तीव्रच आहे, पण तो पुन्हा पुन्हा येणारा आहे. एक तारखेला टार्गेटचा आकडा परत शून्यावर येतो आणि तीस तारखेपर्यंत तीच धावपळ सुरू होते. यात सुटकेची खरी वेळ महिन्यातून दोन-चार दिवसच मिळते. कामाच्या ताणाचा अभ्यास करणाऱ्या रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेली कल्पना इथे तंतोतंत लागू पडते : कामाचा रेटा जास्त आणि ते कसे करायचे हे ठरवण्याची मोकळीक कमी, अशी नोकरी माणसाला सर्वाधिक ताणाची ठरते. ब्रिटनमधील सरकारी नोकरांच्या दीर्घकालीन व्हाइटहॉल पाहणीत वरच्या अधिकाऱ्यांपेक्षा खालच्या श्रेणीतील कर्मचाऱ्यांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू जास्त आढळले. धूम्रपान, रक्तदाब यांसारखी नेहमीची कारणे विचारात घेतल्यावरही हा फरक पूर्णपणे मिटला नाही. ‘साहेबाला टेन्शन जास्त’ हा आपल्याकडचा समज त्यामुळे तपासून पाहण्यासारखा आहे. विक्रीच्या नोकरीत आकडा वरून येतो, बाजार आपल्या हातात नसतो आणि जाब मात्र आपल्याला द्यावा लागतो.

अशा वेळी माणूस घरात गप्प होतो किंवा भडकतो, यामागे शरीराची तीच लढण्याची किंवा पळण्याची तयारी असते. वरिष्ठांसमोर लढता येत नाही आणि नोकरी सोडून पळता येत नाही, म्हणून ती तयारी घरात येऊन बाहेर पडते. हे स्पष्टीकरण आहे, समर्थन नव्हे. बायको-मुलांवर राग काढण्याचा परवाना यातून कोणाला मिळत नाही. उलट बाजूने, ताणात असताना तुम्ही बहिणीला फोन करता, शेजारणीपाशी मन मोकळे करता, सासूबाईंचे आणखी बारकाईने करू लागता. या प्रतिसादाकडे संशोधकांनी फार उशिरा लक्ष दिले. शेली टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली असे मांडले, की ताणात जवळच्यांची काळजी घेणे आणि माणसे जोडून ठेवणे हाही एक मूलभूत प्रतिसाद आहे आणि तो स्त्रियांमध्ये अधिक दिसतो. माझ्या अनुभवात ही विभागणी इतकी काटेकोर नाही. पारावर किंवा तालमीच्या कट्ट्यावर दहा मिनिटे बसून हलके होऊन घरी येणारे पुरुष पूर्वी पुष्कळ दिसत, आणि एकट्याने दात-ओठ खाऊन सोसणाऱ्या स्त्रियाही मला नेहमी भेटतात. पण तुमच्या घरातला गैरसमज नेमका याच जागी आहे. तुम्ही बोलायला जाता तेव्हा त्यांना ती आणखी एक मागणी वाटते, आणि ते गप्प बसतात तेव्हा तुम्हाला ते दुर्लक्ष वाटते.

आता तुमच्याविषयी. चौघांमध्ये मला सर्वाधिक काळजी तुमच्या ताणाची वाटते, कारण तो दीर्घकालीन आहे आणि बाहेरून तो कोणाला ताण वाटतच नाही. परीक्षेला तारीख असते, टार्गेटला महिनाअखेर असते, पुराचे पाणीही ओसरते. अंथरुणावरच्या माणसाच्या सेवेला अशी तारीख नसते. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला शय्याव्रण होतात. नळीतून जेवण द्यायचे असेल तर डोके उंच धरायचे, नाहीतर ते फुप्फुसात जाण्याची भीती. डायपर, लघवीची पिशवी, रात्रीचे कण्हणे, मध्येच ओळख न पटणे. हे सगळे करून सकाळी साडेदहाला वर्गावर उभे राहायचे. गावाकडचे नातेवाईक फोनवर ‘आईंची तब्येत कशी आहे’ असे विचारतात. तुमची तब्येत विचारणारा फोन फार क्वचित येतो.

या ताणात आणखी एक अवघड गोष्ट असते आणि ती सहसा कोणी उघडपणे बोलत नाही. हा ताण संपण्याचा एकच मार्ग दिसत असतो, आणि तो म्हणजे त्या माणसाचे जाणे. त्यामुळे ‘हे कधी संपेल’ हा अगदी साहजिक विचारसुद्धा मनात येताच अपराधी वाटते. मग त्या अपराधाची भरपाई म्हणून माणूस आणखी झिजतो, मदतीला आलेल्याला ‘मीच करते, तुम्हाला जमणार नाही’ म्हणून परत पाठवतो. वडिलांची अशीच सेवा करणारी एक बाई माझ्याकडे पाठदुखीची तक्रार घेऊन आली होती. तिच्यासोबत एक शाळकरी चौरेघी वही होती. त्यात वडिलांच्या औषधांच्या, कूस बदलण्याच्या, लघवीच्या मोजमापाच्या वेळा सुंदर अक्षरात लिहिलेल्या होत्या, रात्रीच्या दोनच्या आणि चारच्या नोंदींसह. तिच्या स्वतःच्या जेवणाची वेळ मी विचारली, तेव्हा तिने नकळत तीच वही चाळायला सुरुवात केली. पुढे दोन-तीन भेटींनंतर ती म्हणाली, ‘बाबा सुटावेत असे वाटते, म्हणजे मी वाईट मुलगी आहे ना?’ मी तिला जे सांगितले तेच तुम्हाला सांगतो : दीर्घकाळ सेवा करणाऱ्या बहुतेक माणसांच्या मनात हा विचार केव्हा ना केव्हा येतो. तो थकव्यातून येतो, प्रेम आटल्यामुळे नव्हे, आणि तो आल्याने कोणाचे काहीही वाईट होत नाही.

हा थकवा मनाचा खेळ नाही, हे दाखवणारा एक छोटा पण बोलका अभ्यास जेनिस कीकोल्ट-ग्लेझर यांनी १९९५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची सेवा करणाऱ्या तेरा स्त्रिया आणि त्याच वयाच्या, अशी जबाबदारी नसलेल्या तेरा स्त्रिया यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखीच लहान जखम करून ती भरायला किती दिवस लागतात ते मोजले गेले. सेवा करणाऱ्या स्त्रियांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस अधिक लागले. ब्रूस मॅकइवेन यांनी नव्वदच्या दशकात या झिजेला एक चौकट दिली : ताणाशी जुळवून घेण्यासाठी शरीर जे बदल वारंवार करते, त्या बदलांचीच किंमत हृदय, रक्तदाब, साखर, झोप आणि स्मरणशक्ती यांना मोजावी लागते. पाण्याच्या टाकीचा पंप दिवसातून तासभर चालण्यासाठी असतो. तो बंदच झाला नाही तर टाकी भरून वाहते आणि मोटारही जळते. तुमची मान दुखते, कारण खांद्याचे स्नायू दिवसभर सैल होत नाहीत. पोटात जळजळते, कारण ताणात पचनाची लय बिघडते आणि आतड्यांची संवेदनशीलता वाढते. पहाटेच्या जागेमागे तीन वर्षांची सवय आहे. आणि कॉर्टिसॉल पहाटे नैसर्गिकपणेच वाढू लागत असल्याने, त्या वेळी एकदा जाग आली की पुन्हा डोळा लागणे कठीण होते.

दिरांचा ताण या तिन्हींहून वेगळ्या जातीचा आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. तिथली इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या पाण्याचा अंदाज येतो. ज्याने रात्रीच्या अंधारात घरात पाणी चढताना पाहिले आहे, त्याच्या मेंदूत ती रात्र इतर आठवणींसारखी काळाच्या क्रमात बसत नाही. ओल्या भिंतीचा वास, पत्र्यावरचा पावसाचा आवाज, ‘कोयनेतून विसर्ग वाढवला’ ही बातमी, यांतले काहीही पुरेसे असते आणि शरीर थेट त्या रात्रीत जाऊन उभे राहते. छाती धडधडते, घाम फुटतो, झोप उडते. अशा आघाताच्या प्रसंगानंतर पहिले काही आठवडे असे होणे हा बहुतेकांचा साहजिक प्रतिसाद असतो आणि त्यातले बरेच जण कोणत्याही उपचाराविना सावरतात. प्रसंग नकळत पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणे, त्याची आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळणे, सतत सावध आणि दचकलेले राहणे, स्वतःविषयी आणि जगाविषयी काळवंडलेले विचार येणे, हे सर्व महिन्याहून अधिक काळ टिकले आणि कामधंदा, नातेसंबंध यांच्या आड येऊ लागले, तर त्याला आघातोत्तर ताणविकार म्हणतात. १९८० साली अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात या विकाराला स्वतंत्र स्थान मिळाले.

मात्र दिरांच्या बाबतीत निदानाची घाई करू नये. जुलै २०२१ मध्ये सांगलीला पुन्हा पूर आलाच होता, त्यामुळे त्यांची भीती निराधार नाही. पूरपट्ट्यात राहणाऱ्या माणसाने पावसाळ्यात सकाळ-संध्याकाळ पातळी पाहणे, कागदपत्रे प्लॅस्टिकच्या पिशवीत वरच्या मजल्यावर ठेवणे, गाडी उंचावर लावणे ही शहाणपणाची तयारी आहे. नदी २० फुटांवर असताना रात्रभर दर दहा मिनिटांनी मोबाइल पाहणे ही तयारी नव्हे. तो दिलासा मिळवण्याचा प्रयत्न असतो; पातळी पाहिली की क्षणभर बरे वाटते, आणि त्या क्षणभराच्या दिलाशामुळेच पुन्हा पाहण्याची ओढ पक्की होत जाते. त्यांना ‘आता कुठे पूर आहे, उगाच काय’ असे म्हणू नका. तसेच ‘त्या रात्री काय झाले ते सगळे सांगून मोकळे व्हा’ असा आग्रहही धरू नका. आपत्तीनंतर प्रत्येकाला बसवून एकाच बैठकीत सर्व प्रसंग बोलून घेण्याची पद्धत एके काळी रूढ होती. त्याने विकार टळत नाही आणि काहींना उलट त्रास होऊ शकतो असे दिसल्यामुळे ती आता सुचवली जात नाही. प्रशिक्षित उपचारकाबरोबर, सुरक्षित वाटेल अशा गतीने, त्या आठवणींवर केलेले उपचार मात्र परिणामकारक आहेत आणि प्रसंगाला कित्येक वर्षे लोटली असली तरी त्यांचा उपयोग होतो.

एकाच पुरातून गेलेले दोन शेजारी वेगळे का वागतात, हा तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे. रिचर्ड लॅझरस आणि सुझन फोकमन यांनी १९८४ मध्ये सविस्तर मांडलेले उत्तर मला आजही सर्वांत उपयुक्त वाटते. कोणत्याही प्रसंगात मन दोन हिशेब करते. यात माझे काय पणाला लागले आहे, हा पहिला. त्याला तोंड द्यायला माझ्याकडे काय आहे, हा दुसरा. पैसा, प्रकृती, माणसे, पूर्वीचा अनुभव, श्रद्धा हे सगळे दुसऱ्या हिशेबात येते. ज्याचे वरच्या मजल्यावर भावाचे घर आहे आणि ज्याचे सगळे दुकान तळमजल्यावर आहे, त्या दोघांसाठी पाणी एकाच उंचीचे असले तरी ताण एकच नसतो. १९६७ मध्ये होम्स आणि राहे यांनी आयुष्यातील ४३ घटनांना ताणाचे गुण दिले होते. जोडीदाराच्या मृत्यूला १०० आणि लग्नाला ५०. आनंदाचा प्रसंगही जुळवून घेण्याचे श्रम मागतो, हे त्यातून चांगले लक्षात येते. पण असे गुण मांडून एखाद्या विशिष्ट माणसाचे दुखणे कळत नाही, कारण त्याचा दुसरा हिशेब त्या यादीत नसतो.

प्रतिसादांचीही लॅझरस-फोकमन यांनी ढोबळ विभागणी केली. काही प्रतिसाद समस्येवर काम करतात : वेळापत्रक आखणे, माहिती काढणे, मदत मागणे. काही प्रतिसाद समस्येमुळे उठलेल्या भावनेवर काम करतात : रडणे, बोलणे, प्रार्थना, भजन, फिरायला जाणे, गोष्टीकडे वेगळ्या नजरेने पाहणे. पहिला प्रकार शूर आणि दुसरा दुबळा असे मुळीच नाही. जे आपल्या हातात आहे तिथे पहिला उपयोगी पडतो आणि जे हातात नाही तिथे दुसरा. घोटाळा होतो तो अदलाबदल झाली की. सासूबाईंचा मेंदू पूर्ववत होणे तुमच्या हातात नाही. तरीही रोज नवा डॉक्टर, नवे तेल, नवा नवस यांच्या मागे धावून तुम्ही स्वतःला थकवत असाल तर तिथे स्वीकाराची गरज आहे. उलट रात्रपाळी वाटून घेणे पूर्णपणे घरच्यांच्या हातात आहे. तिथे ‘माझे नशीब’ म्हणून रडत राहिल्याने काही बदलणार नाही. त्यामुळे कोणाचे वागणे चुकते, यापेक्षा कोणता प्रतिसाद कोणत्या ताणाला लावला जातो आहे, हे पाहणे मला जास्त उपयोगाचे वाटते. याला एकच अपवाद करतो. दारू, तंबाखू, मावा किंवा मनानेच घेतलेल्या झोपेच्या गोळ्या यांनी ताण तासभर लपतो. दारूने झोप लागते, पण उत्तररात्री ती मोडते; तंबाखूची तलफ भागल्यावर वाटणारी शांतता ही बहुतांशी त्या तलफेच्याच बेचैनीतून झालेली सुटका असते.

तुमच्या घरात प्रत्यक्ष काय बदलता येईल ते सांगतो. आठवड्यातल्या किमान तीन रात्री सासूबाईंची जबाबदारी तुमच्याकडे नसावी, आणि त्या रात्री तुम्ही वेगळ्या खोलीत झोपावे. हवेच्या झोतावर चालणारी शय्याव्रणरोधक गादी घेतली तर त्वचेवरचा भार कमी होतो. कूस बदलणे मात्र पूर्ण सुटत नाही, किती वेळाने बदलायची ते डॉक्टरांना विचारून ठरवावे. अर्धांगवायूनंतर सुमारे एक-तृतीयांश रुग्णांना नैराश्य येते आणि ते बहुधा ‘आजारामुळे चिडचिड’ म्हणून सोडून दिले जाते. सासूबाई सतत रडत असतील, जेवण नाकारत असतील तर त्यांचीही मानसोपचारतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या. त्यांचा त्रास कमी झाला की तुमचाही निम्मा हलका होतो, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. पतींशी टार्गेटविषयी बोलायचे असेल तर ते दारातून आत येताक्षणी बोलू नका. पहिला अर्धा तास त्यांना मोकळा द्या, आणि त्या बदल्यात रात्रीच्या जेवणानंतरची पंधरा मिनिटे तुमची, हे दोघांनी मिळून ठरवा. स्वतःसाठी एक साधी गोष्ट करा. दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटे, मिनिटाला साधारण सहा या गतीने श्वास घ्या आणि उच्छ्वास श्वासापेक्षा लांब ठेवा. संथ उच्छ्वासाबरोबर हृदयाची गती कमी होते, आणि शरीराची ही यंत्रणा अशी आहे की तिला मुद्दाम हात घालता येतो.

ताणाच्या नावाखाली दुसरा आजार झाकला जाऊ नये, हेही तितकेच महत्त्वाचे. जठराचे व्रण ताणानेच होतात असे अनेक वर्षे मानले गेले; १९८० च्या दशकात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूचा त्यातील वाटा दाखवला आणि २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. तुमच्या जळजळीबरोबर वजन घटणे, काळी शौचास होणे, घास अडकणे किंवा रक्ताची उलटी यांतले काही असेल, तर पुन्हा डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे. श्रम करताना छातीत जळजळ, घाम आणि धाप असेल तर हृदयाची तपासणी त्याच दिवशी झाली पाहिजे; ते पित्त आहे असे घरी ठरवू नये. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासले नसेल तर तपासून घ्या.

सलग दोन आठवडे मन उदास राहणे, कशातच रस न वाटणे, झोप आणि भूक बिघडणे, आपण निरुपयोगी आहोत असे वाटणे, हे आता साध्या ताणाच्या पलीकडे गेले आहे असे समजावे. जगणे नकोसे वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका. केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य मिळते आणि तिथे मराठीत बोलता येते. अनेक कुटुंबे पोलिसांच्या भीतीने असे प्रसंग लपवतात, म्हणून कायद्याची बाजूही सांगतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, अन्यथा सिद्ध न झाल्यास, तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरले जाते. तिच्यावर खटला चालवून शिक्षा केली जात नाही, आणि तिला उपचार व पुनर्वसन देण्याची जबाबदारी शासनावर टाकलेली आहे.

या घरातून कोणी आधी यावे, असे मला विचारले तर मी तुमचे नाव घेईन, कारण सध्या सगळ्या घराचा भार तुमच्या प्रकृतीवर पेललेला आहे. तुमची ही भेट जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागातही होऊ शकते. दिरांना उपचारांसाठी पावसाळा लागण्याच्या दोन-तीन महिने आधी पाठवा, म्हणजे पाऊस सुरू होईपर्यंत पुरेशा भेटी झालेल्या असतील. पतींना मात्र ‘तुम्हाला दाखवायचे आहे’ असे सांगून आणू नका, ते येणार नाहीत. आईच्या देखभालीचे वेळापत्रक डॉक्टरांसमोर ठरवायचे आहे, असे सांगून तुमच्या पहिल्या भेटीलाच बरोबर घ्या आणि रात्रींची वाटणी तिथेच, त्यांच्या समोर कागदावर लिहून घ्या.